दीडशे एएचचा इतिहास: लोडशेडिंगने आपल्या घरात बॅटरी कशी आणली

इतिहास म्हटलं की किल्ले, तलवारी, तह असलंच काहीतरी डोळ्यासमोर येतं. आजच्या भागात मात्र ज्या वस्तूचा इतिहास सांगायचा आहे ती कदाचित तुमच्याच घरात असेल. जिन्याखाली, गॅलरीत, नाहीतर हॉलच्या कोपऱ्यात. खाली चाकांची ट्रॉली, तीत एक जड बॅटरी, वर एक डबा आणि डब्यावर हिरवा दिवा. बरोबर ओळखलंत, इन्व्हर्टर.

दुकानात जाऊन "घरासाठी इन्व्हर्टर पाहिजे" असं म्हणून बघा. बऱ्याच ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं: "दीडशेची ट्युब्युलर टाका आणि निवांत राहा." दीडशे म्हणजे १५० अँपिअर-अवर, ज्याला आपण एएच म्हणतो. तुमच्याकडे पंखे किती, लाईट किती वेळ जाते, दिवसातून किती वेळा जाते, हे विचारायच्या आधीच आकडा तयार असतो.

हा आकडा वाईट नाही. पण तो ज्या काळाला शोभत होता तो काळ बराचसा मागे पडलाय. महाराष्ट्रात एक पिढी अशी होऊन गेली की तिला लाईट कधी जाणार ते वेळापत्रक बघून आधीच माहीत असायचं. आज विशीत असलेल्यांना ते पुसटसं आठवत असेल किंवा नसेलही. ती बॅटरी त्या वेळापत्रकासाठी होती. आता लाईट जाण्याची तऱ्हा बदलली आहे, आणि आपण खरेदी मात्र जुन्याच हिशोबाने करतोय. वीस-तीस हजारांचा प्रश्न आहे, म्हणून आधी इतिहास समजून घेऊ आणि मग खरेदीकडे वळू.

मुंबईची वीज वेगळी, बाकीच्यांची वेगळी

सुरुवात करू १९१५ पासून. त्या वर्षी टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या डोंगरावर धरणं बांधून पाणी अडवलं, ते पाइपातून घाटाखाली सोडलं, त्यावर वीज तयार केली आणि ती मुंबईच्या कापड गिरण्यांना दिली. म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या वीजनिर्मितीचा पहिला ग्राहक होता मुंबईचा गिरणीमालक. बेस्टची मूळ कंपनी तर त्याआधीच, १९०५ मध्ये, मुंबईत आलेली होती.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे घडलं त्याची मुळं इथे आहेत. मुंबई शहराची वीज सुरुवातीपासून वेगळ्या कंपन्यांकडे राहिली. उरलेल्या महाराष्ट्रासाठी १९६० साली, राज्य झालं त्याच वर्षी, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. तेच आपलं एमएसईबी. मंडळ २००५ मध्ये मोडलं तरी गावाकडे आजही "एमएसईबीचा माणूस आला" असंच म्हणतात.

मंडळाने काम मोठं केलं. कोयनेचं जलविद्युत केंद्र, कोराडी, चंद्रपूर, परळीची कोळशावरची केंद्रं, गावोगावी खांब, शेतात पंप. पण मागणी वाढतच गेली आणि नव्वदच्या दशकात प्रश्न आला की पुढची वीज आणायची कुठून?

दाभोळची गोष्ट, थोडक्यात

उत्तर म्हणून आली एन्रॉन. अमेरिकन कंपनी, रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरजवळ मोठा प्रकल्प, पुढे गॅसवर चालवायचा आणि दोन टप्प्यांत मिळून दोन हजार मेगावॅटच्या वर क्षमता. १९९३ मध्ये मंडळाशी करार झाला. १९९५ मध्ये सरकार बदललं, नव्या सरकारने करार रद्द केला, मग पुन्हा वाटाघाटी होऊन तो नव्याने झाला. १९९९ च्या मे महिन्यात ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला.

वीज आली पण ती परवडेना. करार असा होता की वीज घेतली नाही तरी क्षमतेपोटी ठरलेले पैसे द्यायचे, आणि बराचसा हिशोब डॉलरशी बांधलेला. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने ही वीज घेणं थांबवलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये खुद्द एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली आणि दाभोळचा प्रकल्प काही वर्षं बंद पडून राहिला.

नुकसान फक्त पैशाचं नव्हतं. मोठा प्रकल्प येतोय या भरवशावर वर्षं निघून गेली होती. वीजकेंद्र उभं करायला पाच-सात वर्षं सहज लागतात. इकडे राज्यात मॉल, आयटी पार्क, एसी, शेतातले नवे पंप वाढत होते. २००५ नंतरच्या त्या वर्षांत महाराष्ट्रात गर्दीच्या वेळेची तूट चार हजार मेगावॅटच्या वर गेली. कोयनेची सगळी केंद्रं मिळून क्षमता १,९६० मेगावॅट. म्हणजे दोन अख्ख्या कोयना कमी पडत होत्या!

वेळापत्रकाचा अंधार

आता एक तांत्रिक गोष्ट, पण सोपी आहे. वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवता येत नव्हती. ज्या क्षणी लागते त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ असते. मागणी निर्मितीपेक्षा जास्त झाली की ही फ्रिक्वेन्सी घसरायला लागते. जास्तच घसरली तर केंद्रं स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक बंद पडतात आणि सगळाच अंधार होतो. तो टाळायचा तर एकच उपाय उरतो: काही भागांची वीज मुद्दाम बंद करायची. याला सरकारी भाषेत नाव मिळालं 'भारनियमन'. आपण म्हणायचो लोडशेडिंग.

जून २००५ मध्ये विद्युत मंडळाची विभागणी झाली आणि घरोघरी वीज पोचवायचं काम महावितरणकडे आलं. त्याच सुमारास लोडशेडिंग रोजच्या जगण्याचा भाग झालं. शहरात दोन-चार तास, तालुक्याच्या गावी त्याहून जास्त, खेड्यात आठ-दहा-बारा तास. पेपरात वेळापत्रक छापून यायचं आणि लोक ते कापून फ्रीजच्या दारावर लावायचे. सकाळी सहाला जाणार, नऊला येणार, मग सगळं घर पावणेसहाला उठून टाकीत पाणी चढवणार. पिठाची गिरणी कधी चालू असेल त्यावर दळण ठरायचं. दहावीची पोरं इमर्जन्सी लाईटखाली अभ्यास करायची, आणि तो डिस्चार्ज झाला की रॉकेलची चिमणी किंवा मेणबत्ती.

खेड्यात आणखी एक प्रकार होता. तीन फेजची वीज काही तासच, तीही आठवड्यातले काही दिवस रात्री. म्हणजे शेतकऱ्याने रात्री उसाला पाणी द्यायला जायचं. अंधारात साप-विंचवाची भीती, थंडीचे दिवस, मोटर सुरू होईल की नाही याची खात्री नाही. घरातले दिवे तरी चालू राहावेत म्हणून महावितरणने 'अक्षय प्रकाश योजना' आणली: गावाने संध्याकाळी मोठ्या मोटरी स्वतःहून बंद ठेवायच्या आणि त्या बदल्यात दिव्यांपुरती वीज घ्यायची. पुढे गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे करण्याचंही काम झालं.

आणि मुंबई? शहराची वीज वेगळ्या कंपन्यांकडे, त्यामुळे तिथे हे वेळापत्रक आलंच नाही. पण मुलुंड आणि भांडुप महावितरणच्या हद्दीत येतात. म्हणजे महापालिका एक, लोकल एक, आणि वीज कुणाची यावरून तुमची संध्याकाळ वेगळी. १९१५ सालची ती रेघ २००५ मध्येही तशीच होती.

डब्यात नेमकं काय असतं

अशा काळात घरोघरी इन्व्हर्टर आला. त्याच्या आतल्या दोन गोष्टी मात्र फार जुन्या आहेत.

पहिली, बॅटरी. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसं आणि सल्फ्युरिक आम्ल वापरून पुन्हा पुन्हा चार्ज होणारी पहिली बॅटरी बनवली. १८८१ मध्ये कामिय फोर या दुसऱ्या फ्रेंच माणसाने शिशाच्या जाळीवर लगदा थापून तिची ताकद वाढवली. तुमच्या घरातली बॅटरी मुळात हीच आहे. दीडशे वर्षांपेक्षा जुनी युक्ती!

दुसरी गोष्ट म्हणजे वरचा डबा. बॅटरी डीसी वीज देते आणि घराला एसी लागते. डीसीची एसी करायची, आणि १२ व्होल्टचे २३० करायचे, हे त्या डब्याचं काम. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठा प्रवाह सहन करणारे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि हा डबा सर्वसामान्य घराच्या आवाक्यात आला.

सुरुवातीचे बरेच स्वस्त इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचे होते. ग्रिडची वीज लाटेसारखी गुळगुळीत चढते-उतरते. स्क्वेअर वेव्हमध्ये ती पायरीसारखी एकदम चढते, एकदम उतरते. म्हणून लाईट गेल्यावर पंखा घर्र असा आवाज करायचा, ट्यूब गुणगुणायची. पंख्याची मोटर जास्त तापायची ती वेगळीच. आता साइन वेव्हचे मिळतात. फरक काही फार रुपयांचा नाही, त्यामुळे आज स्क्वेअर वेव्ह घेण्यात अर्थ नाही.

दीडशेच का?

आता हिशोब करू. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १,८०० वॅट-अवर. कागदावर जवळजवळ दोन युनिट. पण बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. साधारण ८० टक्के धरू, म्हणजे १,४४०. आणि डीसीची एसी करताना आणखी पाचवा हिस्सा उष्णतेत जातो.

त्या काळचं दोन खोल्या नि हॉलचं घर घ्या. तीन पंखे, प्रत्येकी ७५ वॅट. तीन ट्यूब, चोकसकट प्रत्येकी ५० वॅट. एकूण ३७५ वॅट. इन्व्हर्टरमधलं नुकसान धरून बॅटरीतून ४७० च्या आसपास वॅट खेचले जाणार. १,४४० भागिले ४७०, म्हणजे तीन तास. बघा, लोडशेडिंगचा एक स्लॉट बरोबर निघतो. दीडशेचा आकडा का रुजला ते इथे कळतं.

इथे एक बारीक अक्षरातली गोष्ट बघायला शिका. बॅटरीवर १५० एएच पुढे 'सी२०' किंवा 'सी१०' लिहिलेलं असतं. सी२० म्हणजे ही बॅटरी २० तासांत सावकाश रिकामी केली तर १५० एएच देईल. म्हणजे साडेसात अँपिअरचा प्रवाह, फक्त ९० वॅट. सी१० म्हणजे १० तासांत रिकामी करूनही तेवढंच देईल. शिशाच्या बॅटरीतून जितक्या वेगाने खेचाल तितकं एकूण कमी मिळतं. त्यामुळे आकडा सारखा असला तरी सी१० वाली बॅटरी जास्त दमाची.

बॅटऱ्या लवकर का गेल्या

लोडशेडिंगच्या काळातली एक ठरलेली तक्रार होती: "दोनच वर्षांत बॅटरी बसली." कंपनीला शिव्या दिल्या जायच्या. पण बऱ्याचदा कारण वेळापत्रकातच होतं.

दीडशेची बॅटरी साधारण १५ अँपिअरने चार्ज होते. जवळपास रिकामी झालेली पूर्ण भरायला दहा-बारा तास हवेत. आता दिवसातून दोनदा लाईट जाते आणि मिळून दहा तास नसते, मध्ये व्होल्टेजही कमी. मग ती बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. आणि शिशाची बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात. ते खडे पुन्हा विरघळत नाहीत आणि बॅटरीची क्षमता हळूहळू खातात. जिथे अंधार जास्त, तिथेच बॅटरी लवकर मरणार. ज्याला गरज जास्त त्याला खर्चही जास्त.

काहींनी पैसे वाचवायला गाडीची बॅटरी इन्व्हर्टरला लावली. गाडीच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात. तिचं काम म्हणजे स्टार्टरला काही सेकंद जोरदार झटका देणं. तिला तासन्‌तास पिळून काढलं की ती लवकर संपते. ट्युब्युलर बॅटरीत लगदा नळ्यांमध्ये धरून ठेवलेला असतो, तो सहज झडत नाही, म्हणून ती हे काम जास्त वर्षं करते.

ज्याच्याकडे होता आणि ज्याच्याकडे नव्हता

इथे गोष्ट थोडी बोचरी होते.

इन्व्हर्टर वीज तयार करत नाही, तो ग्रिडचीच वीज साठवतो. आणि साठवताना, परत काढताना मिळून खूप वाया घालवतो. शिशाच्या बॅटरीत दहा युनिट घाला, सहा-साडेसहा परत मिळतात. म्हणजे लाखो घरांनी आपला अंधार घालवण्यासाठी इन्व्हर्टर घेतले तेव्हा राज्याची एकूण मागणी थोडी वाढलीच. लाईट आली रे आली की सगळे चार्जर एकदम ओढायला लागायचे. माझ्या घरातला उजेड शेजाऱ्याच्या अंधारात थोडी भर घालत होता.

शिवाय आवाज गेला. ज्यांचं म्हणणं कार्यालयात ऐकलं जातं, ज्यांचे फोन उचलले जातात, अशा घरांमध्ये आधी इन्व्हर्टर आले. त्यांचा त्रास कमी झाला, मग त्यांची तक्रारही कमी झाली. वेळापत्रक तसंच राहिलं, पण ते आता मुख्यतः इन्व्हर्टर न परवडणाऱ्यांचं झालं.

पुढे भारनियमनाचे तास ठरवताना गळतीही बघितली जाऊ लागली. कोणत्या भागात किती वीज गळते, चोरी होते आणि किती वसुली होते यावरून ए पासून जी पर्यंत गट पाडले. गळती कमी तर अंधार कमी, गळती जास्त तर अंधार जास्त. कंपनीच्या बाजूने बघितलं तर यात तर्क आहे. पण एका फीडरवर चाळीस घरांनी आकडे टाकले आणि साठ जण वेळेवर बिल भरत असले तरी अंधार शंभरांनाही सारखाच. प्रामाणिक ग्राहकाला या गणितात वेगळी जागा नव्हती.

याच काळात पुण्यात एक वेगळा प्रयोग झाला. २००६ मध्ये तिथल्या उद्योगांनी आपले डिझेल जनरेटर गर्दीच्या वेळी चालवायचे आणि ग्रिडवरची तेवढी वीज शहरासाठी सोडायची असं ठरलं. साधारण ९० मेगावॅटचा प्रश्न होता. डिझेलचा जादा खर्च शहरातल्या जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी बिलातून दिला. नियामक आयोगाने परवानगी दिली आणि शहराचं लोडशेडिंग थांबलं. हजारो घरांनी वेगवेगळ्या बॅटऱ्या घेण्याऐवजी शहराने मिळून एक सोय केली. अर्थात जिथे उद्योग नाहीत, जादा पैसे देणारे ग्राहक नाहीत, अशा ठिकाणी ही सोय कशी करणार? म्हणून तो सगळ्यांचा उपाय होऊ शकला नाही. पण बॅटरीशिवायही उत्तर असू शकतं हे त्यातून दिसलं.

लोडशेडिंग गेलं, पण लाईट जाणं गेलं नाही

नवी केंद्रं आली, बाहेरून वीज विकत घेता येऊ लागली आणि २०१२ च्या अखेरीस बहुतांश महाराष्ट्र लोडशेडिंगमुक्त झाल्याचं सांगण्यात आलं. बहुतांश, कारण ज्या फीडरवर गळती ४२ टक्क्यांहून जास्त होती ते यातून वगळलेले होते. एप्रिल २०२२ मध्ये उन्हाळा आणि कोळशाची टंचाई एकत्र आली तेव्हा भारनियमन काही दिवस परतलं, आणि तेव्हाही पहिला नंबर जी गटाचाच.

पण एकंदरीत अंधाराचा स्वभाव बदलला. आता तो तीन प्रकारचा आहे.

पहिला, छोटा. फांदी पडली, डीपी ट्रिप झाली, देखभालीचं काम निघालं. दहा मिनिटं ते दोन-तीन तास. वेळापत्रक नाही.

दुसरा, लांब. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या पट्ट्यात हजारो खांब आडवे झाले आणि काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे गेले. अशा वेळी इन्व्हर्टर पहिल्या रात्रीच संपतो. मग तो चार्ज करायलाही वीज नसते.

तिसरा, अचानक आणि मोठा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई आणि आसपासची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोविडचे दिवस, लोक घरून काम करत होते, ऑनलाइन परीक्षा चालू होत्या. ज्या शहराला लोडशेडिंग माहीतच नव्हतं, त्याला त्या दिवशी कळलं की आपल्याकडे बॅटरीच नाही.

मग आज काय घ्यायचं?

आता इतिहासावरून खरेदीवर येऊ.

एक. आधी महिनाभर नोंद ठेवा. फोनमध्ये लाईट गेलेली आणि आलेली वेळ लिहा. महिन्याच्या शेवटी दिसेल की तुमच्याकडे अर्धा तास जाते की सहा तास. बॅटरीचा आकडा या नोंदीवरून ठरवा, दुकानदाराच्या सवयीवरून नको.

दोन. बॅटरी वाढवण्याआधी लोड कमी करा. तेच घर घ्या. तीन बीएलडीसी पंखे प्रत्येकी ३० वॅट, तीन एलईडी ट्यूब प्रत्येकी २० वॅट, राउटरचे १० वॅट. एकूण १६०. बॅटरीतून जातील २००. १,४४० भागिले २०० म्हणजे सात तासांच्या वर. तीच दीडशेची बॅटरी तीन तासांऐवजी सात तास. तुमच्याकडे लाईट दोन तासच जात असेल तर त्याहून बरीच लहान बॅटरीही पुरेल. पंखे बदलल्याने रोजचं बिलही कमी होतं, ते वेगळंच.

तीन. फक्त वायफाय आणि लॅपटॉप चालू राहायला हवा? लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असतेच. राउटरला लावायचा छोटा यूपीएस काही हजारांच्या आत मिळतो. त्यासाठी साठ किलोची बॅटरी घरात आणायची गरज नाही.

चार. शिसं की लिथियम? लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग पडते. पण ती पटकन भरते, पाणी घालावं लागत नाही, अर्धवट भरलेली राहिली तरी सल्फेटचा त्रास नाही आणि आयुष्य बरंच जास्त. म्हणजे रोज तासन्‌तास लाईट जाणाऱ्या गावात तिचा खर्च वसूल होतो. आठवड्यातून एकदा तासभर जाणाऱ्या शहरात चांगली ट्युब्युलर भागते. फक्त जुन्या इन्व्हर्टरला सरळ लिथियम जोडू नका. त्याचा चार्जर लिथियमला चालतो का ते आधी विचारा.

पाच. छतावर सोलर आहे म्हणून निवांत राहू नका. पंतप्रधान सूर्यघर योजनेमुळे २०२४ पासून बरीच घरं सोलर बसवतायत. साधी ग्रिडला जोडलेली यंत्रणा लाईट गेली की स्वतःही बंद होते. तशी ती मुद्दाम केलेली असते, कारण तुमची वीज लाईनवर गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. अंधारात दिवे हवे असतील तर बॅटरी असलेला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. हे कोटेशन घेतानाच विचारा.

सहा. वायरिंग. इन्व्हर्टरचे पॉइंट वेगळे काढून घ्या, आणि हे काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. घरगुती जुगाडातून उलटी वीज लाईनवर जाणं हा सोलरइतकाच गंभीर धोका आहे.

सात. जागा. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून हवा खेळती असलेली जागा हवी, बंद कपाट किंवा झोपायची खोली नको. पाणी फक्त डिस्टिल्ड, नळाचं नको. आणि पुराच्या पट्ट्यात, म्हणजे सांगली, कोल्हापूर, चिपळूणकडे, बॅटरी जमिनीवर ठेवू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर हे वेगळं सांगायला नको.

आठ. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. शिसं विषारी आहे. उघड्यावर वितळवलं की ते आसपासच्या पोरांच्या रक्तात जातं. दुकानदाराला परत द्या, नव्यावर सूटही मिळते.

आणि शेवटचं, इन्व्हर्टर असला तरी तक्रार करणं सोडू नका. १९१२ हा वीज तक्रारीचा नंबर आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५७ नुसार सेवेचे निकष ठरवता येतात आणि ते मोडले तर ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद आहे. पण तुमच्या हातात तक्रार क्रमांक नसेल तर दाद कशाच्या जोरावर मागणार? तुमच्या घरात हिरवा दिवा चालू असताना केलेला तो एक फोन ज्याच्याकडे बॅटरी नाही अशा शेजाऱ्याच्याही उपयोगी पडतो. लोडशेडिंगच्या वर्षांत नेमका हाच फोन थांबला होता.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. महिनाभराची नोंद केलीत तर कमेंटमध्ये गावाचं नाव आणि तासांचा आकडा नक्की टाका. मुलुंड आणि माजलगावचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघायला मला आवडेल. फोन चार्ज ठेवा, भेटू पुढच्या भागात.